दारावरचे त्र्याण्णव मैल

सोलापुरात तेव्हा बोलण्यासारख्या गाड्या दोनच होत्या आणि त्यांतली एकही माझी नव्हती. माझ्याकडे सायकल होती, तिचंही मडगार्ड वाजायचं. तरी गाड्यांचा विषय निघाला की मला आवरणं कुणाच्या हातात नव्हतं. मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. वय चोवीस, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं. रद्दीवाल्याकडून आणलेली मोटारींची परदेशी मासिकं मला पाठ होती. कुठल्या इंजिनाला किती सिलिंडर, कुठली गाडी शून्यावरून साठ मैलांवर किती सेकंदांत जाते, हे मला सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या तिथीपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी पुणे नाक्याजवळच्या एका गॅरेजात जाऊन बसायचो. त्या बोलण्यासारख्या दोन्ही गाड्या तिथंच दुरुस्तीला यायच्या. एक सुताच्या व्यापाऱ्याची, लांबलचक, फिक्कट निळी अमेरिकन गाडी, आठ सिलिंडरची. दुसरी गिरणीतल्या एका साहेबाची, लाल, उघडी, दोघांपुरती आणि जमिनीला टेकलेली. गॅरेजचा मालक असलेला मिस्त्री लाल गाडीच्या बाजूचा आणि मी निळीच्या. मासिकात मी 'मसल कार' असा शब्द वाचला होता, तो गॅरेजात सांगितला तर त्याची लगेच 'पैलवान गाडी' झाली. माझं म्हणणं, सरळ रस्त्यावर पैलवानापुढे कुणी टिकायचं नाही. मिस्त्री हातातला पाना न थांबवता म्हणायचा, "सर, ताकद अलग हय हौर फुर्ती अलग. हत्ती कू शर्यत में नक्को उतारो."

असे आमचे वाद आठवडे-आठवडे चालायचे. पण गॅरेजचा एक रिवाज होता. वाद मिटला की त्याचा निकाल पत्र्याच्या दारावर खडूनं लिहायचा. अमुक गाडी अमुक घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढली, तमुक गाडी एका टाकीत इथून पुण्याला गेली. दारावर चढलं की त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

निळी गाडी चालवायचे ते ड्रायव्हर पन्नाशीचे. जेऊरकडच्या एका गावचे. अठरा वर्षं त्या एकाच घरी. मालकाच्या मुली त्यांना मामा म्हणायच्या, म्हणून मालकही मामा म्हणायचे आणि आम्हीही. मालकाच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. वाद रंगला की मामा बाकड्याच्या टोकाला बसून ऐकायचे, मध्ये बोलायचे नाहीत.

एकदा मिस्त्री मला म्हणाला, "आपकी पैलवान गाडी चालीस के उप्पर गई कबी?" सगळे हसले. मला राग आला आणि तो मी मामांवर काढला. म्हटलं, "मामा, तुम्ही पैलवानाला बालवाडीत बसवलंय. बैलगाडीसारखी हाकता ती."

मामा म्हणाले, "मालकांचा हुकूम हाय. चाळीसच्या वर न्हाय. मागं पोरी बसत्यात."

"पोरी नसताना?"

ते उठून गाडीच्या काचा पुसायला लागले. चार-पाच दिवसांनी मात्र स्वतःच माझ्यापाशी आले. म्हणाले, "उद्या दुपारी तेल बदलाय गाडी आणणार हाय. येताय का सर टेंभुर्णीच्या रस्त्यानं? एकडावच."

मी प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच खिशात टाकलं. कुणाला विचारलं नाही. मिस्त्रीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, नव्वदच्या वर जाणार, खडू तयार ठेवा. गाडीच्या मीटरचा काटा कधीचाच निकामी झाला होता, म्हणून किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ मोजून मी हिशेब करणार होतो.

नाका मागे पडला, गाव संपलं. मामांनी गाडी थांबवली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी पाय पॅडलवर ठेवला. मग जे झालं ते मला आजही अंगावर जाणवतं. एवढं मोठं धूड आधी कण्हलं आणि नंतर एकदम हलकं झालं. पहिला दगड आला, मी बटण दाबलं. खिडकीतून वारा असा आत घुसला की माझी कागदं मागच्या सीटवर गेली. मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तो ओळखीचाच वाटेना, लग्नातल्या नवऱ्या मुलासारखा उजळला होता. तेवढ्यात पुढे शेरडांचा कळप रस्त्यावर चढताना दिसला. मामांनी पाय उचलला. शेरडं ओलांडली, दुसरा दगड गेला आणि मी पुन्हा बटण दाबलं.

छत्तीस सेकंद. छत्तीस सेकंदांत एक किलोमीटर, म्हणजे तासाला बासष्ट मैल.

"किती?" मामांनी समोर बघतच विचारलं.

मला मिस्त्रीचं हसणं ऐकू आलं. चूक शेरडांची, गाडीची नव्हे, असंही मनात आलं. पुन्हा एकदा जाऊ म्हणावं तर मामांनी आधीच सांगितलं होतं, एकदाच. मी स्टॉपवॉच मुठीत झाकलं आणि म्हणालो, "चोवीस."

"म्हंजी?"

"म्हणजे त्र्याण्णव मैल, मामा."

अठरा वर्षं चाळीसच्या आत राहिलेल्या माणसाला बासष्ट काय आणि त्र्याण्णव काय, अंदाज कुठून असणार? त्यांनी विश्वास ठेवला. परत येताना ते चाळीसनंच आले आणि मध्येच एकदा स्वतःशी म्हणाले, "त्र्याण्णव. लई झालं की."

मिस्त्रीनं मला एवढंच विचारलं, "आपने खुद गिना?" मी म्हणालो, मी स्वतः, कॉलेजच्या घड्याळानं. त्यानं मान डोलावली आणि खडू माझ्या हातात दिला. मी सुबक अक्षरात लिहिलं, 'निळी पैलवान, टेंभुर्णी रस्ता, ९३ मैल. चालक: मामा.' मामा ते दोन पावलं मागे सरून बघत राहिले.

चौथ्या दिवशी गाडीचा हॉर्न बसला म्हणून ती पुन्हा गॅरेजात आली. एरवी मामा एकटेच यायचे, त्या दिवशी परगावी निघालेले मालक मागे बसले होते. कॉलेजला सुट्टी, म्हणून मीही होतो. मालक पाय मोकळे करायला उतरले आणि दारासमोर थांबले. त्यांनी ते दोनदा वाचलं असावं.

"मामा, हे काय आहे?"

"आपलीच गाडी हाय, मालक. एकडाव पळवली."

"किती?"

मामा सरळ उभे राहिले. त्यांना खोटं बोलता आलं असतं, निदान गुळमुळीत काहीतरी म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "त्र्याण्णव."

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "रिकाम्या रस्त्यावर कुणी साठनं पळवली असती तर मी दोन शब्द बोलून सोडून दिलं असतं. मीही तरुणपणी काही देव नव्हतो. पण त्र्याण्णव? याच गाडीत माझ्या पोरी शाळेला जातात, मामा."

"पोरी बसल्या की चाळीसच असती, मालक."

"आता मी ते कशाच्या भरवशावर धरू?"

मग ते माझ्याकडे वळले. खडूचं अक्षर कुणाचं हे कुणीतरी नजरेनं दाखवलं असणार. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मोजलंय बरोबर?"

बासष्ट हा शब्द माझ्या अगदी जिभेवर होता. पण तो म्हणायचा म्हणजे मिस्त्रीसमोर, बाकड्यावरच्या चौघांसमोर, सरांनी थाप मारली हे कबूल करायचं. वर कॉलेजचं स्टॉपवॉच न विचारता नेलं तेही बाहेर येणार. एका माणसाची अठरा वर्षं एका बाजूला होती आणि माझी गॅरेजातली ऐट दुसऱ्या बाजूला. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण मला ते तिथंच, त्याच क्षणी स्वच्छ कळलं होतं.

"हो, बरोबर मोजलंय," मी म्हणालो.

मालकांनी हात पुढे केला. मामांनी किल्ल्या दिल्या, गाडीतल्या चपला काढून पायात घातल्या आणि चालत गेले. महिन्याभरात खोल्या रिकाम्या झाल्या. मामांनी गावात दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. पण त्र्याण्णवनं पळवणारा ड्रायव्हर अशी त्यांची ख्याती आधीच पोचली होती, आणि लेकीबाळींची गाडी अशा माणसाच्या हातात कोण देणार? मी ओलं फडकं घेऊन दार पुसायला गेलो तेव्हा मिस्त्रीनं माझा हात धरला. "लिखा सो लिखा, सर. रिवाज हय." त्यानंतर मी त्या गॅरेजात गेलो नाही. मासिकं रद्दीवाल्याला परत केली. पण त्यानं काय होणार होतं?

दोनेक वर्षांनी परीक्षेच्या कामाला निघालो असताना एस. टी. टेंभुर्णीला थांबली. चहाला उतरलो तर मागून हाक आली, "सर!" मामा होते. अंगावर भिजलेली बंडी, हातात पाण्याचा पाइप. जावयाच्या जागेत ट्रक धुवायचं काम करत होते. मला वाटलं आता शिव्या बसतील, आणि त्या बसाव्यात असंही वाटलं. पण त्यांनी माझा दंड धरला आणि मला ओढतच ट्रकवाल्यांच्या घोळक्यात नेलं.

"ह्येच त्ये सर. आता इचारा ह्यास्नी. मी थापा मारतो म्हंता न्हवं?"

एक ट्रकवाला हसत म्हणाला, "काय हो, मामा सांगत्यात त्ये खरं हाय?"

मी मान हलवली.

मामांना तेवढ्यानं भागेना. त्यांनी टपरीतून एक कागद आणि पेन आणलं. म्हणाले, "तुमी गेल्यावर ही मानसं परत इश्वास ठेवायची न्हाईत. तुमच्या अक्षरात लिवून द्या की. कालेजात शिकिवता म्हणून लिवा. आन् खाली सही करा."

मी लिहून दिलं. सही केली. मामा तो कागद दोन्ही हातांत धरून ट्रकवाल्यांना दाखवायला गेले. मी एकटाच उभा होतो. त्यांच्या बायकोनं आतून चहा आणून माझ्या हातात दिला. तिची नजर नवऱ्याकडे होती.

"लेकीच्या बाळंतपणाला त्या दोन खोल्या हुत्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ह्या त्र्याण्णवापायी गेल्या." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सर, हितं कुणी न्हाय. मला खरं सांगा. येवडी पळाली हुती का वं ती गाडी?"

ऐकायला दुसरं कुणीच नव्हतं. माझं काही जाणारही नव्हतं. मी बशीतला चहा संपवला, कप तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "हो."

मामांच्या हातातला कागद राहावा म्हणून मी तसं म्हणालो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. पण ते खरं नाही. तिच्या तोंडाकडे बघून मला भीती वाटली, एवढंच.