स्वतःच्या हातची काडतुसं

नवरा नेमबाज असला की बायकोला मोठे आवाज अंगवळणी पडतात. त्या सकाळी मला भीती वाटली ती एका बारीक आवाजाची.

आम्ही बेटाच्या पूर्व टोकाला, बेडोकला राहतो आणि यांचा क्लब पार दुसऱ्या टोकाला, झाडीत. बंदूक, दारू, छर्रे, काही म्हणजे काही घरी आणता येत नाही. क्लबमधल्याच एका खोलीत, रीतसर परवानगीने, हे स्वतःची काडतुसं भरायचे. विकतची मिळतात, पण आमच्या स्वारीला ती पसंत नाहीत. "तुला विकतचं पुरण चालेल का?" असं उलट मलाच विचारणार.

नव्या भरणीतली चार-दोन काडतुसं आधी हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्यांवर झाडून बघायची, हा यांचा शिरस्ता. अलीकडे मीही बरोबर जाऊ लागले होते. तांजोंग पगारला जन्मभर नोकरी केलेल्या माणसाने तिथल्याच स्टेशनातून मला फोन करून विचारलं होतं, "मी कुठल्या बाजूने बाहेर पडू?" तेव्हापासून यांना एकटं सोडायचा मला धीर होत नव्हता. यांना वाटे, बायकोला उतारवयात हौस सुटली.

पहिल्या चकतीचा भुगा झाला. दुसरी हवेत उडाली. यांनी चाप ओढला आणि नुसतं फुस्स झालं. चकती अख्खीच्या अख्खी लांब गवतात जाऊन पडली. यांना मात्र काहीच खटकलं नाही. बंदूक उघडून शांतपणे त्याच नळीत पुढचं काडतूस सरकवू लागले.

"अहो, थांबा!" मी किंचाळले.

रेंजवरचा मलय माणूस धावत आला. "अंकल, स्टॉप, स्टॉप! डोन्ट लोड लाह!"

त्याने नळीत सळई घातली तेव्हा अडकलेलं बूच आणि छर्रे बाहेर पडले. त्या काडतुसात दारू भरलेलीच नव्हती. वर दुसरा बार काढला असता, तर नळी यांच्या तोंडासमोर फुटली असती.

यांनी ते बूच तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं. राग नाही, लाज नाही, नुसतं कुतूहल.

"हे कुणी भरलं?" यांनी विचारलं.

क्लबातल्या काडतुसं भरायच्या यंत्राला यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

"मी," मी म्हणाले.

"वाटलंच." मग हे मला समजावू लागले. आधी ठिणगीची टोपी, मग दारू, त्यावर बूच, मग छर्रे, शेवटी तोंड मिटायचं. एकही पायरी चुकली नाही. मी मान डोलावत राहिले.

"होतं असं," माझ्या पाठीवर हात ठेवून हे म्हणाले. "वय झालं की विसरायला होतं. आता मीच तुझ्यावर लक्ष ठेवीन."