रोवणीतल्या इंग्रजी म्हणी

चंद्रपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिक्षिकेची मुलाखत होती. टीमवर्कवर प्रश्न येतोच म्हणे, म्हणून मी घरी मोबाईलवरून म्हणी पाठ करत बसले होते. ‘पुल टुगेदर’, म्हणजे सगळ्यांनी मिळून जोर लावणे. ‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क’, म्हणजे हात जास्त तर काम हलकं. भीतीनं दोन्ही सारख्या विसरत होते.

तेव्हाच भाताची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती. आमच्या गावात ती आळीपाळीनं करतात: आज आम्ही तुमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उद्या तुम्ही आमच्या. आईला ताप होता, त्यामुळं शेजारच्या काकूंच्या बांधीत मीच जायला हवं होतं. म्हणी पाठ करायच्या म्हणून मी गेले नाही.

चौथ्या दिवशी आमची पाळी आली. उपटलेले परे, भाताची कोवळी रोपं, पाण्यात पडून होते. ऊन चढत गेलं, बांधावर कोणी दिसेना. तापातून उठलेली आई चिखलात उतरली, तिच्यामागं मी.

शेवटी काकू आल्या. लुगडं खोचून आईशेजारी वाकल्या आणि मान वर न करता मला म्हणाल्या, “मी तुह्या मायसाठी आली. तू जाय घरी, अभ्यास कर.”