दावं काढायचा हुकूम

मी तेव्हा हवालदार होतो. गाव दर्यापूर, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, पोस्टिंग ईशान्येच्या डोंगरात एका छोट्या वर्कशॉपवर. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. माझ्या हातात वीस वर्षं पाना होता. सहाला पीटी, नाश्ता, आठच्या ठोक्याला गाडीखाली. रस्ते असे भिकार, की दर महिन्याला दोन-तीन गाड्यांचे शॉकअप जायचे.

शॉकअप बदलायचा तर त्याच्यावरची स्प्रिंग आधी दाबून धरावी लागते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. ती दाबायचं औजार आमच्याकडे नव्हतं. मागणीचा इंडेंट दोनदा पाठवला, दोनदा 'एनए' लिहून परत आला. एनए म्हणजे नॉट अव्हेलेबल. मागा आणि बसा बोंबलत.

नायक गजानन राऊत माझ्या हाताखाली होता. बार्शीटाकळीचा, घरी भाजीपाल्याचा मळा. सुट्टीत तो भावाच्या गाडीतून वांगी-भेंडी अकोल्याच्या बाजारात पोचवायचा. त्या गाडीचे शॉकअप त्यानं घरच्या अंगणातच बदलले होते. आटे पाडलेल्या दोन सळया, भंगारातला अँगल वाकवून केलेले चार आकडे आणि नट, एवढंच औजार. एका बाजूचा नट अर्धा फेरा, मग दुसऱ्या बाजूचा अर्धा फेरा, की स्प्रिंग गुमान बसायची. सुट्टी संपली तेव्हा ते औजार ट्रंकेत घालून घेऊन आला.

"उस्ताद, पाहा बरं, आपल्या गाडीले चालते का." हाताखालची पोरं मला उस्ताद म्हणायची.

चाललं. औजारासोबत त्यानं घरचं बैलाचं दावंही आणलं होतं. नट आवळायच्या आधी स्प्रिंगच्या वेढ्यांतून ते चार-पाचदा फिरवून करकचून बांधायचा. "आकडा निसटला तं दावं धरते. आमच्या बाबानं शिकवलं. बैल अन् स्प्रिंग, दोघायलेबी मोकळं सोडू नये."

पंजाबी पोरं चिडवायची, "राऊत, दूध भी देती है क्या?" तोही हसायचा, पण दावं बांधल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. अकरा गाड्या त्यानं अशा केल्या.

त्या दिवशी दहाला इन्स्पेक्शन होतं आणि एक गाडी अजून उघडी होती. ०८४० ला मेजर साहेब शेडमधून चक्कर मारून गेले. "हवालदार, सब टिपटॉप चाहिए. कोई देसी चीज़ नज़र न आए." दाव्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मी घेतलं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

"राऊत, ते दावं काढ. गोठा आहे का हा?"

"उस्ताद, स्प्रिंग अर्धी दाबली हाय. राहू द्या नं."

"काढ म्हटलं नं. ऑर्डर आहे."

"जी उस्ताद."

०९०५ ला सळईचे आटे घसरले, आकडा निसटला आणि स्प्रिंग त्याच्या छातीत बसली. आवाज फार मोठा झाला नाही. मी वायरलेस सेटवर गेलो.

"एक कॅज्युअल्टी. छातीला मार, सिरियस. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"रस्त्यावर दरड आहे. वेट. आउट."

०९४० ला राऊत माझ्या मांडीवर गेला. पाणी मागत होता. त्यानं मला एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

चौकशीत विचारलं, औजार कोणाचं? राऊतचं, सर. मंजूर होतं? नो, सर. त्यानं सेफ्टीसाठी काही बांधलं होतं? त्या वेळी काही नव्हतं, सर. तिन्ही उत्तरं खरी. आग लागो असल्या खरेपणाला. दावं माझ्या पेटीत होतं. कागदावर आलं, 'स्वतःची हयगय'. ड्यूटीवर गेलेल्यांच्या युनिटमधल्या फलकावर त्याचं नाव लागलं नाही. मी पुढं सुभेदार झालो.

पहिल्या सुट्टीत बार्शीटाकळीला गेलो. त्याचे बाबा मळ्यात पाणी देत होते. हात धुऊन आले, माझ्यासाठी खाट टाकली.

"साहेब, एकच विचारतो. त्यानं दावं बांधलं होतं नं?"

"नाही, बाबा."

"काहून? शंभरदा सांगतलं होतं मी त्याले."

माझ्या हुकमानं काढलं, एवढंच सांगायचं होतं. मी भ्यालो.

"मंग चूक त्याचीच," ते म्हणाले, आणि आत तोंड करून सुनेला चहा टाकायला सांगितला. तो चहा मी प्यालो.

आता मी अमरावतीत राहतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या वकील साहेबांनी मोबाईलवर पाहून घरीच शॉकअप बदलायला काढला. तसल्याच सळया, तसलेच आकडे.

"वकील साहेब, आधी दोर बांधा."

"अहो सुभेदार, इथं कोण पाहून राहिलं? घरीच तं आहे."

मी त्यांच्या हातातला पाना हिसकावून घेतला. "काहून एवढे भडकता?" त्यांनी विचारलं. घरी येऊन हे लिहायला बसलो.

राऊतचे बाबा मागच्या वर्षी वारले. पोरगा आपल्या हयगयीनं गेला, हेच मनात घेऊन गेले. त्यांना सांगायला माझ्याकडे सात वर्षं होती.

नायक गजानन राऊत, बार्शीटाकळी. त्यानं दावं बांधलं होतं. मी काढायला लावलं.