दामूसरांची चौदा पावलं

वडीगोद्रीत दर रविवारी फुटबॉल खेळणारे आम्ही दहा-बारा जण. गोल मोजके होतात, किस्से मात्र ढीगभर! त्यातले निम्मे दामूसरांचे. सर शाळेत पीटी शिकवायचे आणि रिटायर झाल्यावरही मैदानावर फक्कीच्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीच्या, रेषा तेच मारायचे. मी गोलकीपर, म्हणून त्या रेषा सगळ्यात जवळून पाहिल्या त्या मीच.

*

सर टेप वापरायचे नाहीत. गोलपासून पेनल्टीचा ठिपका अकरा मीटरवर, म्हणजे त्यांची मोजून चौदा पावलं. एकदा आमचा कॅप्टन रफिक यानं गुपचूप टेप लावून पाहिली. अकरा मीटर!

सरांनी पाहिलंच. म्हणाले, "टेप बराबर दिसून राह्यली तुझी!"

*

समोरच्या टीमची, शहागडची पोरं एकदा भांडायलाच उठली. "बॉल रेषेवर आल्ता, गोल द्या!" नियम असा की बॉल अख्खा रेषेपलीकडं जायला हवा.

सर म्हणाले, "उंबऱ्यावर उभा पाव्हणा घरात आला म्हणतेत का? मंग!"



*

एकदा ऐन मॅचला फक्की संपली. सरांनी घरून ज्वारीचं पीठ आणून रेषा मारल्या. हाफटाइमला बघतो तर कुत्र्यांनी गोलसमोरचा चौकोन चाटून साफ केलेला!

पिठाचा रिकामा डबा पाहून सरांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "आता जेवायला बी मैदानावरच बसा!"

*

मग सरांना पॅरालिसिस झाला. चार महिन्यांनी उजवा पाय ओढत मैदानावर आले आणि फक्कीचा डबा मागून घेतला. पावलं चौदाच टाकली, पण पाऊल केवढंसं झालेलं! ठिपका माझ्या नाकासमोर आला.

मी रफिकला सांगितलं, तर तो खेकसला, "चूप बस. सर चालून राह्यलेत, ते बघ!"

मला रडूच आलं. पुढं दोन वर्षं कोणी टेप काढली नाही.

*

यंदा आमच्या मैदानावर तालुक्याची मॅच होती. बाहेरच्या रेफरीनं टेप लावली आणि तो सगळ्यांदेखत ओरडला, "अरे, हे तर आठच मीटर! कोणी आखलं?"

आम्ही सगळे बुटांच्या लेस बांधायला खाली वाकलो.

सर पाय ओढत माझ्यापाशी आले. "तुला माहीत होतं?"

मी ग्लोव्ह्जचा पट्टा आवळू लागलो.

"माझ्या ठिपक्यावरून किती गोल खाल्लेस?"

"एकबी न्हाई, सर!"

सर म्हणाले, "लबाड बोलू नको. गोलमधून मागं गेलेला बॉल दर वेळी मीच आणून दिलाय."