सर्व सदस्यांचा सभात्याग

जागतिक मंदीच्या वर्षी, एका सोमवारी दुपारी, महापालिकेच्या सभेत मी हजर नव्हतो, तरी हजर असल्यासारखी बातमी दिली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरी नाही, संपादकांना नाही. तुम्हाला सांगतोय, एवढंच.

रबाळ्यातल्या कारखान्यांची रात्रपाळी तेव्हा बंद पडली होती. दिवसपाळीतलीही माणसं कमी होत होती. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सत्ताधाऱ्यांनी जादा खर्चाचं पॅकेज आणलं — रस्ते, गटारं, सारसोळ्याच्या मच्छीमारांच्या जेट्टीची दुरुस्ती. विरोधकांनी ‘उधळपट्टी’ म्हणत पत्रकं वाटली. पण त्यांच्याही वॉर्डांतली कामं त्याच पॅकेजमध्ये होती. मग विरोधात मत कसं द्यायचं? आणि बाजूने तरी कसं? यावरचा तोडगा जुनाच होता — सभात्याग. ते उठून जाणार, मागे प्रस्ताव मंजूर होणार, कामं दोघांनाही मिळणार. आम्हा पत्रकारांना हे ठाऊक होतं. आम्ही फक्त वेळ विचारायचो.

“साडेबाराला उठतो,” विरोधी पक्षनेते चहा घेताना म्हणाले. “तुमची डेडलाइन सांभाळूनच आमचा निषेध असतो.” सगळे हसले. मीही.

मी खाली कॅन्टीनमध्ये गेलो. तिथेच बसून लिहिलं — ‘विरोधी पक्षाच्या सर्व सदस्यांनी सभात्याग केला.’ मग जेवलो. वर गेलोच नाही. का? कंटाळा आला होता. याहून मोठं कारण मी नंतर बरंच शोधलं — सापडलं नाही.

वर हिराताई बसून राहिल्या होत्या. त्या सारसोळ्याच्या नगरसेविका, विरोधी पक्षाच्याच. मासळीबाजारातून राजकारणात आलेल्या. कामावरून कमी केलेले पुरुष त्यांच्या गल्लीत घरी बसून होते. त्यांचा पक्ष घोषणा देत बाहेर पडला, बाकीचे पत्रकार त्याच्या मागे गेले. हिराताई उठल्या नाहीत. त्यांनी सत्ताधाऱ्यांबरोबर हात वर केला.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन त्या आमच्या कार्यालयात आल्या. इतरांनी नुसतं ‘विरोधकांचा सभात्याग’ लिहिलं होतं. ‘सर्व’ माझ्याच बातमीत होतं.

“भाऊ, मी उठली नाय. सगले गेले, पन मी बसूनच होती. तुमी पाह्यलं नाय का?”

मी म्हटलं, “बघतो.”

खुलासा चार ओळींचा झाला असता. पण तो द्यायचा तर मी सभागृहात नव्हतो, हे संपादकांना सांगावं लागणार होतं. मी थांबलो. आठवडा गेला, मग महिना — जुन्या बातमीचा खुलासा कोण मागतं? त्या मागत होत्या. दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा मी उचलला नाही.

निवडणूक आली. न उठल्याबद्दल पक्षाने त्यांचं तिकीट कापलं. त्या अपक्ष उभ्या राहिल्या. सारसोळे गावातल्या प्रचारसभेत समोरच्या उमेदवाराच्या माणसाने माझ्या बातमीचं कात्रण मोठ्याने वाचलं. “जेट्टीचा विषय निंगाला आनि आपली ताई चाय प्यायला गेली,” तो म्हणाला. लोक हसले. मी पहिल्या रांगेत, पत्रकारांच्या खुर्चीवर होतो. हिराताईंनी मला पाहिलं.

“ते भाऊ बसलेत ना, त्यांनीच लिवलंय. त्यांना इचारा.”

माना वळल्या. एक वाक्य पुरलं असतं — तुम्हाला कळतंय ना, एकच वाक्य. मी मान खाली घातली आणि लिहायला लागलो. काय लिहीत होतो? तारीख. सभेचं ठिकाण. ते झाल्यावर पुन्हा तारीख.

“भाऊ गप हाय,” मागून एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे खरंच हाय.”

 हिराताईंनी पदर खोचला आणि त्या गर्दीतून वाट काढत बाहेर गेल्या. त्या सभेतून त्या खरोखर उठून गेल्या. ते मी पाहिलं, आणि तेही छापून आणलं.

त्या पडल्या. सारसोळ्यातही त्यांना मतं कमी मिळाली. पुन्हा त्या उभ्या राहिल्या नाहीत. जेट्टीची दुरुस्ती झाली. तिथल्या पाटीवर सत्ताधारी नेत्याचं नाव आहे आणि त्याखाली विरोधी पक्षनेत्याचं. खुलासा मी दिला नाही.