बारवेतलं आचमन

हसनाबादेत त्या काळी नारूचं कुणाला नवल नव्हतं. उन्हाळा लागला की कुणाच्या तरी घोट्याला फोड यायचा, फुटायचा आणि आतून पांढरा दोऱ्यासारखा किडा डोकावायचा. मग तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. पायाची आग सोसवेना झाली की माणूस बारवेत, गावाच्या पायऱ्यांच्या विहिरीत, उतरून पाय पाण्यात सोडून बसायचा. जरा बरं वाटायचं. शेजारच्याच पायरीवरून बायका पिण्याच्या कळशा भरायच्या आणि यात कुणाला काडीचंही वावगं वाटत नसे.

अरुंधतीला वाटलं. ती वामन मास्तरांची मुलगी, औरंगाबादच्या मेडिकल कॉलेजात शिकणारी. १९५८ सालच्या उन्हाळ्यात तिची पॅथॉलॉजी नुकती सुरू झाली होती आणि त्या विषयानं तिला पार झपाटलं होतं. रोग अंगात शिरतो कुठून, गुपचूप वाढतो कसा, बाहेर दिसतो तोवर किती दिवस उलटलेले असतात, याचा माग काढायचा ते शास्त्र. ही पोरगी बरणीतली काळजं बघून जेवायला बसते, हे कळल्यावर शेजारणींनी तिच्या हातचं पाणी सोडलं होतं. तिनं त्यांची पर्वा सोडली होती. फिट्टंफाट.

सुट्टीत आली त्या सकाळीच झुंबरबाई बारवेत पाय सोडून बसलेली दिसली. अरुंधतीनं तिला दंडाला धरून उठवलं. झाली बोंबाबोंब. माणसं जमली. गावाचे नारू काढणारा पुंजाराम विचारू लागला, कॉलेजात हेच शिकवून राह्यले का. मग तिनं पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. फोड पाण्यात बुडला की नारू आपली पिल्लं सोडतो, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, ते किडे आपण पितो आणि वर्षानं नारू पायातून निघतो. वर्षभर अंगात किडा आणि माणसाला पत्ता नाही? लोक पोट धरून हसले. मास्तर मात्र शरमेनं लाल झाले होते. शिक्षण पुरे झालं, आता लग्न, असं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं.

अरुंधती जागची हलली नाही.

"मंग पैज लावा, अण्णा. आजपासून आपल्या घरात चौपदरी फडक्यातून गाळलेलंच पाणी. पुढचा उन्हाळा धरायचा न्हाई, आधी पोटात गेलेलं निघंल ते निघंल. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात घरात कुणालाबी नारू निघाला, तर कॉलेज सोडते अन् तुम्ही म्हणाल त्या मांडवात उभी राहते. न्हाई निघाला तर ह्या पाण्यात कुणी पाय घालायचा न्हाई."

मास्तरांनी पैज घेतली. गावाला करमणूक झाली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या आईला, रमाबाईंना, नारू निघाला. गावानं टिंगल केली. हा धरायचा नाही, एवढंच म्हणून अरुंधती परीक्षेला निघून गेली. रमाबाईही हट्टाला पेटल्या. जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळल्याशिवाय घरात पाण्याचा थेंब शिरत नव्हता.

आणि १९६० च्या चैत्रात खुद्द मास्तरांच्या घोट्याला फोड आला.

अरुंधती आली तेव्हा अर्धं गाव ओट्यावर होतं. पुंजाराम काडी घेऊन तयार होता. शेवटचं वर्ष तोंडावर आलेलं. पण माग काढल्याशिवाय हरायचं तिला शिकवलंच नव्हतं. पाय धुता धुता तिनं विचारलं, "अण्णा, संध्येचं पाणी कुठलं घेता?"

पहाटे पळी-पंचपात्र घेऊन मास्तर बारवेवर जातात हे सगळं गाव बघत होतं. लुगड्यातून गाळलेलं पाणी त्यांना आचमनाला चालत नव्हतं.

"आचमन म्हंजे काय पिणं झालं का, मास्तर?" पुंजाराम म्हणाला. "पैज तुम्हीच जिंकली."

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पोरगी घरी बसली असती, लग्न लागलं असतं. मास्तर काडीकडे बघत राहिले.

"पिलोच की ते," ते म्हणाले. "रोज पिलो. पैज मी मोडली, तिनं न्हाई."

अरुंधतीला रडू आलं आणि रागही आला. नारूची पहिली गुंडाळी तिनं स्वतःच्या हातानं केली.

संध्याकाळी मास्तर घरात दिसेनात. ती धावतच बारवेकडे गेली. आग सोसवेना म्हणून पाय बुडवायला गेले असतील असं तिला वाटलं. मास्तर सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते, सुजलेला पाय वाटेत आडवा टाकून. समोर पाय बुडवायला आलेली दोन माणसं आणि पुंजाराम खोळंबले होते. कळशीवाल्या बायकांना मास्तर पाय आखडून वाट देत होते.

"आग होत असंल तर घरी बादलीत पाय घाला अन् ते पाणी लांब मातीत ओता," ते म्हणाले. "इथं पाय बुडवायला उतरायचं असंल, तर माझ्या ह्या पायावरून जा."

त्यातल्या प्रत्येकाला मास्तरांनीच अक्षर शिकवलं होतं. कुणी पाय उचलला नाही.