शिट्टीवाली पेटी आणि बोलकी पेटी

कंपनी छोटी असली की किस्से जास्त साठतात, कारण सगळ्यांचा चहा एकाच किटलीतला असतो. मलकापुरात आम्ही शेतपंपाच्या ऑटोमॅटिक पेट्या बनवतो. लाईट आली की मोटर चालू, पाणी संपलं की बंद. आतल्या चिपचा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहितो. जरा काही बदललं की पुन्हा कंपाइल करून चिपमध्ये उतरवायचा, तोवर मी रिकामा. समीर पायथॉनमध्ये लिहितो, त्याचा बदल लगेच चालतो. म्हणून त्याची कामं होतात आणि माझ्याकडे किस्से साठतात.

*

समीर आष्ट्याचा. तो यायच्या आधी कंपनीत चिपचा माणूस म्हणजे मीच. माझ्या चिपमध्ये जागा इतकी कमी की एक ओळ घालायची तर दुसरी काढावी लागते. शब्दांना जागा कुठली? म्हणून माझी पेटी शिट्टी घालते. दोन शिट्ट्या म्हणजे पाणी नाही, तीन म्हणजे विजेचा एक फेज गेला.

समीरनं मोठी चिप मागितली. आमचे मालक अण्णा, त्यांनी लगेच दिली. मी मागितली होती तेव्हा म्हणाले होते, "हाय त्यात बसव." संध्याकाळपर्यंत समीरची पेटी मराठीत बोलायला लागली, तीही त्याच्याच आवाजात. अण्णा त्याच्या स्क्रीनसमोर बसून प्रोग्रॅम वाचू लागले.

"हे मला बी कळतंय की रं! ह्याच्यात नुसतं कंसच कंस दिसत्यात."

ह्याच्यात म्हणजे माझ्यात. मी जळलो, सरळ सांगतो.

*

एकदा टेबलावर चाचणी घेताना फेज काढला, तर समीरच्या पेटीनं मोटर उशिरा बंद केली. पायथॉन मध्येच थांबून मेमरी आवरतो, नेमकं तेच चाललं होतं. "मोटर जळायला आली आणि साहेब घर झाडत होते," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला की सगळ्यांसाठी भडंग आणलं.

"आज काय इशेष?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही, सहज."

दुसऱ्याच दिवशी समीरनं ते दुरुस्त केलं. कसं? फेजवर नजर ठेवणारा माझा सीमधला तुकडा उचलून आपल्या पायथॉनखाली बसवला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादांमुळं झालं." अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मोठ्या मनाचं पोरगं म्हणे! भडंग मात्र माझं संपलं होतं.

*

आमच्याकडे एक रीत आहे. नवी पेटी आधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या घरच्या विहिरीवर बसवायची. "पयल्या शिव्या घरच्याच खायाच्या," असं अण्णांचं म्हणणं. या वेळी माझी पेटी म्हसवडला आमच्या आबांकडे गेली आणि समीरची आष्ट्याला त्याच्या वडिलांकडे. हंगामभर जी नीट चालेल तिची भाषा पुढच्या सगळ्या पेट्यांत, आणि प्रोग्रॅमचा सगळा विभागही त्याच माणसाकडे.

आबा फौजेतले सुभेदार. फोनवर माझ्याशी दोनच गोष्टी बोलतात, "जेवलास?" आणि "ठेवतो." पेटी कशी चाललीय विचारलं तर म्हणाले, "वाजती." समीरला मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत वडिलांचा फोन यायचा. तिकडून काय बोलतात ते ऐकू येत नसे, पण हा हसत असायचा. मला डबा गोड लागायचा नाही.

*

हंगाम संपत आला तसा सांगलीहून येताना मी मुद्दाम आष्ट्याला वळलो. समीरची पेटी बिघडलेली बघायला मिळेल, अशी आशा होती. विहिरीवर गेलो तर भिंतीला माझी पेटी. शिट्टीवाली.

"चाचा, ही इथं कशी?"

"मीच अण्णांकडनं बदलून घेतली," समीरचे वडील म्हणाले. "पोराची लय बोलती ओ. साऱ्या शिवाराला ऐकू जातंय, लोक हसत्यात. तुमची कामापुरती वाजती. फोनवर मी त्येला चांगलीच हाय म्हंतो. तुमी सांगू नगा, वाईट वाटंल."

आष्ट्याहून म्हसवड काही जवळ नाही, पण गाडी तशीच घरी हाणली. ही बातमी मला फोनवर द्यायची नव्हती. आबांचा चेहरा बघायचा होता.

आबा विहिरीवर पाठमोरे बसले होते. मी हाक मारणार तेवढ्यात भिंतीवरून समीरचा आवाज आला.

"पाणी कमी झालंय. मोटर बंद करतोय. काळजी करू नका."

"बरं बाळा," आबा पेटीला म्हणाले. "जेवलास?"